मधली गळती

स्वतःच्या तोंडाशी पोचणारा गॅस मोजून बोलणाऱ्या वेल्डिंग-टॉर्च आल्यापासून फोरमन घोरपड्यांना वर्कशॉपमध्ये कुणी विचारेना. आज मालकांनी कामगारांसाठी भजी पाठवलीच नाहीत, असं ते हळहळत सांगत होते, तेवढ्यात टॉर्चने बोंब ठोकली, "गॅस कमी येतोय! जोडाला भोकं पडतील!"

"सिलिंडर तर पूर्ण सोडलाय, साहेब," वेल्डर रुखसाना म्हणाली. "मधेच कुठेतरी गळतोय."

"माझ्या नजरेखाली काही गळत नाही!" घोरपडे गुरगुरले आणि टॉर्चचं तोंड साफ करायला त्यांनी जोरात फुंकर मारली.

"आता भरपूर आला," टॉर्च म्हणाली, "पण ह्याला कांदाभजीचा वास आहे."

रुखसानाने डोळ्यांवरची काच वर केली. "सापडली गळती."