पाच मीटरवरची तीन मिनिटं

पाच मीटरवर दोरीला धरून संपत थांबला, तेव्हा खंडू शेजारी नव्हता.

कारेगावच्या पुढच्या बंद दगडखाणीत पाणी साचलं होतं, त्यात शीतल मॅडम हौशी लोकांना डायव्हिंग शिकवायच्या. संपत आणि खंडू दोघंही पंचावन्नच्या पुढचे. शिकायचं खूळ खंडूचं. मॅडमनी बजावलं होतं, वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, नाहीतर रक्तात विरघळलेली हवा बाधते. जोडीदार चुकला तर मिनिटभर शोधून वर यायचं. पण तेव्हाही ती तीन मिनिटं थांबायचं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मिनिट शोधण्यात गेलं होतं. खाली नुसता हिरवा गढूळपणा, बुडबुडा कुठं नाही.

संपतला लहानपणची भांडगावची विहीर आठवली. काय सुखाचे दिवस होते ते. संपतच्या वडिलांच्या, आबांच्या विहिरीवर खंडूच्या आळीला मज्जाव, म्हणून दुपारी गाव पेंगलं की दोघं चोरून उड्या मारायचे. पाठीला रिकामा डबा बांधून संपतनंच त्याला पोहायला शिकवलं. एकट्यानं विहिरीबाहेर पडायचं नाही, अशी शपथ होती.

एका दुपारी तळाचा गाळ आणायची पैज लागली, दोघांनी बुडी मारली. संपत वर आला, खंडू दिसेना. हाक मारली तर जवळच निजलेले आबा जागे होणार आणि सोलून काढणार. भेदरून तो घरी पळाला, कणगीमागं लपून बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत खंडू दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यानं काही विचारलं नाही, यानं काही सांगितलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो सल तसाच राहिला.

आजही आधी आपलाच जीव जपायचा? घड्याळात अजून अडीच मिनिटं बाकी होती. संपतनं दोरी सोडली.

वर तराफ्यावर खंडू मॅडमशी हुज्जत घालत होता. त्याला पुन्हा पाण्यात उतरायचं होतं, त्या सोडत नव्हत्या. संपतला पाहून त्यानं हात देऊन त्याला वर ओढलं. न थांबता वर आल्याबद्दल मॅडमनी दोघांनाही फैलावर घेतलं.

त्या गेल्यावर संपत त्याच्याजवळ सरकला. आज सांगून टाकायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

"खंडू, विहिरीवरच्या त्या दुपारी..."

"म्हंजी तुला ठावं हाय," खंडू मान खाली घालून म्हणाला. "माफ कर गड्या. आबांचा खोकला ऐकला आन् तुला तळाला सोडून मी पळालो."