भोंग्याची ओळ

राजेश्री सरावाच्या सर्व्हरवर बंधाऱ्याचे दरवाजे उघडायच्या कमांड देऊन पाहणार होती. सरावातही इशाऱ्याचा भोंगा मात्र खराच वाजायचा. उगाच नदीकाठचं गाव घाबरायला नको, म्हणून भोंग्याची ओळ तेवढी तिनं खोडली, बाकीचं पेस्ट केलं आणि एंटर दाबलं. ‘सर्व दरवाजे उघडले,’ असं पडद्यावर उमटलं. पहिल्याच फटक्यात जमलं म्हणून ती खुदकन हसली.

थोड्या वेळानं, कार्तिकस्नानाला बंधाऱ्याखालच्या गोदावरीच्या घाटावर गेलेल्या आईचा फोन आला. “राजे, गंगेला पाणी लय वाढायलंय गं. दरवाजे उघडलेत का?”

राजेश्रीनं पडद्याकडं पाहिलं. दोन सारख्याच काळ्या विंडो, एक सरावाची अन् एक खऱ्या बंधाऱ्याची, शेजारी-शेजारी उघड्या होत्या, आणि सरावाची कोरीच होती.

पलीकडं आई बायकांना सांगत होती, “भिऊ नका गं, भोंगा कुठं वाजलाय अजून!”