चकाची चावी

ड्रिलचं बिट भिंतीत जागच्या जागी उभं, आणि मागे त्याला धरणारा चक मात्र गरगर फिरतोय! म्हाताऱ्या फिटरनं ड्रिलचा खटका सोडला. तिसऱ्यांदा हेच.

"मशीनच जुनं झालंय," तो गुरकावला.

मशीनचा काय दोष? चकाचे तीन जबडे बिटाला धरतात खरे, पण त्यांना आवळायला चावी लागते, आणि चावीला हात. त्याच्या उजव्या हाताची बोटं दोन महिन्यांपासून वळत नव्हती. हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. लेक औषधं आणायला जाताना बजावून गेली होती, "बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवा, तर आईला इथे ठेवते. नाहीतर उद्या माझ्याकडे नेते." आणि तिच्या घरात जागा एकाच माणसापुरती.

बायको चाकाच्या खुर्चीत, दारातच बसली होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन तिला आठवडाच झाला होता.

"चावी तिन्ही भोकांत फिरवलीत ना?"

"जन्म गेला माझा यात. मला शिकवतेस?"

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणा इकडे."

तिनं मशीन मांडीवर घेतलं आणि चावी फिरवली. एक भोक, दुसरं, तिसरं. चक असा आवळला की फिटर बघतच राहिला. इतकी वर्षं बरणीचं झाकण उघडायला हाक मारायची, ती लबाड बाई हीच का!

मग भोकं पडली. डाव्या हातानं स्क्रू पिळता पिळता तो घामाघूम झाला, पण दांडा बसला. लेक आली, दांड्याला चक्क लोंबकळली.

"पक्का आहे हो! राहू दे आई इथेच."

दोघांचा जीव भांड्यात पडला.

लेक आवराआवर करू लागली. मशीन पेटीत ठेवता ठेवता थांबली. बिट न काढता मशीन ठेवलं म्हणून लहानपणी तिनं बापाच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या!

"बाबा, आज तुम्हीच विसरलात? घ्या, काढा." तिनं हसत चावी त्याच्या उजव्या हातात दिली.

चावी खणकन फरशीवर पडली. ती उचलायला आधी वाकली ती बायको. डॉक्टरांनी जिला वाकायची साफ मनाई केली होती, ती.