बुवांचा आवळा

या, जवळ सरका, दिघाशी गावची एक गोष्ट सांगतो. कर्करोगावरच्या किमोत नासणारं रक्त आवळ्याने सावरतं, असं सावळारामबुवांनी भर कीर्तनात रंगून सांगितलं. ज्या लेखावरून बोलले, तो पुरता वाचला नंतर: प्रयोग उंदरांवरचा, तोही किमो चालू ठेवून. पण चूक कबूल करायची लाज वाटली, गप्प राहिले. पुढल्या कीर्तनात हार घालायला कर्करोग झालेली रंजिता पुढे आली. “बुवा, तुमच्या शब्दावर किमो सोडली! नुसता आवळा पिते. रक्त वाढलंय बघा!” मंडपाने टाळ्या पिटल्या. किमो थांबली की रक्त वाढतंच, आणि रोगही. बुवांनी गळ्यातला हार उतरवला. “बाय, मी अर्धंच बोललो, कळूनबी गप बसलो. उद्याच दवाखान्यात जाऊ.” “आन् चुकलेल्या किमोचं काय?” तिने विचारलं. पुराणं तोंडपाठ असलेल्या बुवांनी हार तिच्या पायांशी ठेवला. चुकलेली किमो काही भरून निघाली नाही; मंडळी, सांजवात लावाल तेव्हा गेलेल्या रंजिताला आठवा.