नत्थूजींचा नवा खेळ

आणीबाणीचे दिवस होते. वॉरंट निघालेले आमचे हे पहाटेच लपतछपत घरी आले आणि माळ्यावर गोधडी ओढून झोपले. सहा वर्षांच्या चित्राला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी ती शेजारून धावत आली.

"आई वं, नत्थूजी काकांनी चोर-पोलीसचा नवा खेळ शिकवला. एकदम खराखुरा!"

नत्थूजी पोलिसात शिपाई. माझे हात कणकेतच थांबले. "कसा खेळतात वं तो?"

"शिट्टी नाही वाजवायची. पहिले दोघं मागच्या दाराले उभे राहतात, मंग समोरची कडी वाजवायची. आत शिरलं का आधी माळा पाहायचा."

म्हणजे हे घरी आल्याचं पोलिसांना कळलं होतं.

"अजून काय म्हणाले काका?"

"म्हणे, बढिया खेळ आहे, आईले पुरा समजावून सांगजो. पण चारच्या आत. चारले त्यांची ड्युटी आहे न."

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"चल, खेळू आपण," मी म्हटलं. "तू समोरच्या दारात पहारा दे." आणि माळ्याला शिडी लावली.