धड झालेली जीप

शालिकरामच्या जीपला गंजाने असं काही खाल्लं होतं, की पावसात बाहेर उभा असलेला माणूस कमी भिजे आणि आत बसलेला जास्त. दोन्ही दरवाजे तर केव्हाच झडून गेले होते. त्यात पिल्लं घेतलेली वाघीण गावाजवळ फिरायला लागली, तेव्हा त्याची बायको गिरजा म्हणाली, "अशा उघड्या गाडीत बसाचं, त मंग वाघिणीच्या पाठीवरच काऊन नाई बसाचं?"

बोल जिव्हारी लागला. आठ दिवस गिरजाला पत्ता लागू न देता शाळेच्या मागे बसून शालिकरामने सडलेला पत्रा कापला, गोठ्याचा पत्रा ठोकून नवे दरवाजे केले, भोकाखड्ड्यांत लांबी भरून घासली आणि शाळेच्या फाटकाचा उरलेला हिरवा रंग मारला. गाडीचा खडखडाटसुद्धा थांबला.

नवव्या दिवशी गिरजा चार बायांसोबत जंगलात चोरून सरपण आणायला गेली. दिवस कलला, नाल्याकडची वानरं वाघ दिसल्यावर खेकसतात तशी खेकसायला लागली. तशी जीप काढून शालिकराम बायांना आणायला धावला. बायांनी हिरवी गाडी येताना पाहिली, फारेस्टवाले आले समजून मोळ्या टाकल्या आणि नेमक्या नाल्याकडेच पळत सुटल्या.

"अवो, थांबा! मी शालिक आहो! वाघीण तिकडंच हाये!" तो घसा फाटेस्तोवर ओरडला.



झुडपातून गिरजाचा आवाज आला, "फसू नका वं बायांनो, पळा! आमच्या माणसाच्या गाडीले दरवाजे कुठी हायेत?"