ओ देऊ नको

"शिवेऽ! आगं, ओ दे की!"

बद्रीनाथचा घसा पार बसला होता. सात वर्षांची शिवकन्या दुपारी सीताफळं शोधायला म्हणून तंबूमागच्या झाडीत गेली, ती दिवस मावळायला आला तरी परतली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत लोक पाहुण्यांकडे जाऊन फराळ झोडतात. याला मात्र तेलगावहून बायको-लेकीला घेऊन मोरांच्या अभयारण्यात मुक्काम ठोकायची हौस. आता त्या डोंगरात ना फोनला रेंज होती, ना हाकेच्या अंतरावर माणूस.

"आवं, हाक मारीत ऱ्हावा!" ओढ्याच्या अंगानं शोधणारी तेजश्री खालून ओरडली. "तुमचा आवाज आयकून येईल ती!"

त्यानं पुन्हा हाक मारली. पुढच्या झुडपांत पाला वाजला. तो धावत गेला, तर तिथं नुसतं गवत दबलेलं आणि मातीत बारक्या चपलेचा ठसा. परत हाक मारली, तर पाला आणखी लांब वाजला. हाकेसरशी पोर जवळ यायची सोडून लांब पळत होती. ते ध्यानात आलं आणि बद्रीनाथला कालची गोष्ट आठवली.

काल शेकोटीपाशी त्यानंच तिला सांगितलं होतं. पोरीनं तंबू सोडून भटकू नये म्हणून चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. रानात चकवा असतो. तो लेकराच्या बापाचा आवाज काढतो, बापाचं सोंग घेऊन पुढ्यात येतो. "ओ द्यायची न्हाई. जवळ आला तर मागं सरायचं, काय?" पोर त्याच्या मांडीला चिकटून मुंडी हलवत होती, आणि गडी आपल्याच गोष्टीवर खूश होता.

त्यानं हाका थांबवल्या. चपला काढून हातात घेतल्या आणि काट्यांतून अनवाणी, चोरासारखा चालू लागला.

शिवकन्या कड्यावर उभी होती. तोंड त्याच्याकडे, पाठ दरीकडे. ओठ सुकलेले, फ्रॉक बोरीच्या काट्यांनी फाटलेला. तिच्या मागं हातभर पिवळं गवत होतं, आणि त्यापुढं काहीच नव्हतं.

"शिवू, मी हाय. पप्पा."

"चकवा बी आसंच म्हणतो."

तो एक पाऊल पुढं आला. ती एक पाऊल मागं सरली. तिच्या टाचेखालचा दगड निसटला. तो खाली आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की बद्रीनाथ होता तिथंच मटकन बसला.

झडप घालावी, तर मधलं अंतर फार होतं. तेजश्रीला हाक मारावी, तर पोर आणखी बिचकणार. त्याला रडू फुटलं. कधी देवापुढं जोडले नव्हते असे हात त्यानं आपल्या लेकीपुढं जोडले.

"आगं लेकरा, चकवा-बिकवा काय नसतंय! म्या काल बनवून सांगितलं गं सगळं. तू कुटं जाऊ नये म्हणून. तुज्या आईची शप्पत, लबाड बोललो मी!"

शिवकन्या त्याच्याकडे बघत राहिली. त्याची दाढी, चेहऱ्यावरचे ओघळ, जोडलेले हात, सगळं तिनं नीट न्याहाळलं. तिची हनुवटी थरथरली. येईल आता, असं त्याला वाटलं, आणि त्यानं बसल्या जागी दोन्ही हात पसरले.

"माजे पप्पा कदीच लबाड बोलत न्हाईत," ती म्हणाली, आणि मागं सरायला तिनं पाय उचलला.